वादळी उधाणाचा इशारा आला की या चुका टाळा (चॅनेलवाल्यांनी आधी)

मे महिना अर्धा झाला की अरबी समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि त्याच्या दोन तासांत आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तज्ज्ञ तयार होतात. मी श्रीवर्धनकडचा. बरीच वर्षं एका चॅनेलला स्ट्रिंगर म्हणून बातम्या पाठवल्या, आता सोडलं ते. त्यामुळे खाली ज्या चुका लिहितोय त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात आणि उरलेल्या डेस्कने, म्हणजे चॅनेलच्या ऑफिसाने, माझ्या नावावर केल्यात.

तीन आकड्यांची खिचडी

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार. "आज समुद्रात साडेचार मीटर उंच लाटा उसळणार", ही ओळ दर पावसाळ्यात किती वेळा वाचलीय तुम्ही? अहो ती लाट नाही, ती भरती. भरतीच्या तक्त्यातला आकडा चार्टच्या शून्यापासून मोजतात, ते शून्य म्हणजे ढोबळमानाने अगदी खोल ओहोटीची पातळी. म्हणजे ४.५ मीटरची भरती आली तर पाणी त्या पातळीच्या साडेचार मीटर वर चढतं, ते पण हळूहळू, सहा तासांत. पावसाळ्यात असे बरेच दिवस येतात आणि तेव्हा जेट्टीवर लोक चहा पीत बसलेले असतात.

दुसरा आकडा लाटेचा, तो हैदराबादच्या इन्कॉइसकडून (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) येतो. त्यातही गंमत आहे, ते जी उंची सांगतात ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे मधेच एखादी लाट जवळपास दुप्पट निघू शकते. आणि तिसरा आकडा वादळी उधाणाचा, ज्याला सगळे स्टॉर्म सर्ज म्हणतात. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी म्हणून पाणी थोडं फुगतं आणि वारा ते किनाऱ्याकडे रेटतो म्हणून बरंच जास्त चढतं. हा आकडा नेहमी भरतीच्या वर धरायचा. भरती ४.२ आणि उधाण दीड मीटर असेल तर पाणी ५.७ ला, आणि लाटा त्याच्या डोक्यावर वेगळ्या. एवढं तिसरीतलं गणित आहे.

माझी फजिती सांगतो. नवीन होतो तेव्हा मीही "साडेचार मीटरच्या महाकाय लाटा" असं पाठवलेलं, टिकरवर (पडद्याखालची पळती पट्टी) चाललं पण दिवसभर, मी खूश. संध्याकाळी जीवना बंदरावर गेलो तर एका म्हाताऱ्या कोळी काकांनी बोलावून घेतलं, धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळाची हिरवी रेघ असते ना, ती पायाने दाखवली. म्हणाले, "पाणी इथपर्यंत दर पुनवेला-अवसेला येतं रे, तुझी लाट कुठंय?" मागे जाळी शिवत बसलेली पोरं इतकी हसली की मी चहा न पिताच निघालो. पण खरं नुकसान माझ्या फजितीत नव्हतं. दर महिन्याला महाकाय लाटा वाचून ज्याला काहीच झालेलं दिसत नाही तो माणूस, खरोखरचा दीड मीटर उधाणाचा इशारा आला की कूस बदलून झोपतो. साडेचारच्या पुढे दीड म्हणजे त्याला किरकोळ वाटतं! दीड मीटर पाणी म्हणजे घरात छातीपर्यंत, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

माझी सवय: वहीत तीन ओळी काढतो, भरती, उधाण, लाट. ज्या ओळीचा आकडा मिळत नाही ती कोरी ठेवतो. आणि भरतीची वेळ तिथीवरून काढतो, तिथीची पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्या पंधरा, पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास भरती. थोडं इकडेतिकडे होतं पण ॲप उघडायच्या आत उत्तर तयार. हल्लीच्या पोरांना पाचव्या मिनिटाला ब्रेकिंग द्यायचं असतं, आज तिथी कोणती विचारलं तर कॅलेंडर शोधत बसतात.

"मुंबई वाचली" म्हणजे वादळ फुसकं निघालं

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. हवामान खात्याने आधीच सांगितलं होतं की मुंबई, ठाणे, रायगडला नेहमीच्या भरतीच्या वर एक ते दोन मीटर आणि रत्नागिरीला अर्धा ते एक मीटर उधाण येऊ शकतं. वटपौर्णिमा ५ तारखेला, म्हणजे पौर्णिमेची मोठी भरती आधीच चढत होती. सगळी चॅनेलं मुंबईत, मरीन ड्राइव्हवर रेनकोट घालून उभी. मला डेस्कवरून सकाळी फोन, "तुझ्याकडे काही खास नाही ना, मग फोनोला तयार राहा फक्त." म्हणजे फोनवरून दोन वाक्यं बोलायला.

दुपारी साडेबारानंतर वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर यायला लागलं. आता हे नीट बघा. आपल्याकडे चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. निसर्ग नैऋत्येकडून ईशान्येकडे चाललेलं. म्हणजे त्याच्या उजव्या हाताला, दक्षिणेला, आम्ही, श्रीवर्धन-दिवेआगर-हरिहरेश्वर, खाली दापोली-मंडणगडची किनारपट्टी, इथे वारा समुद्रातून जमिनीवर. डाव्या हाताला मुंबई, तिथे वारा जमिनीवरून समुद्रात, पाणी उलटं बाहेर लोटणारा. शिवाय सकाळी दहाच्या सुमाराची भरती उतरायला लागलेली. मुंबई वाचली ती ह्या दोन कारणांनी, कुणाच्या पुण्याईने नाही आणि अंदाज चुकला म्हणून तर अजिबात नाही.

चार वाजता अँकर म्हणत होते मुंबईवरचं संकट टळलं. हे मी नंतर ऐकलं, कारण आमच्याकडे तोवर वीज गेलेली, टॉवर गेलेला, आणि आमच्या काकांच्या वाडीत सुपारी अशी आडवी पडलेली की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसायचं. इतकी वर्षं ते कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कोयते घेऊन रस्ता मोकळा करत होतो. तिसऱ्या दिवशी म्हसळ्याच्या पुढे एका चढावर रेंजची एक काडी आली, तिथे बाईक लावून दीड तासात तीन क्लिप पाठवल्या. डेस्कचं उत्तर, "निसर्ग आता जुना झाला रे, कोरोनाचं काही आहे का?" माझा मुंबईतला मावसभाऊ तर अजून म्हणतो, दादा, ते वादळ काही आलंच नाही ना.

सवय: नकाशावर वादळाच्या वाटेची रेघ बघायची आणि आपण तिच्या उजवीकडे का डावीकडे तेवढंच बघायचं. उजवीकडे असलो तर टीव्ही बंद, गाडी वर काढायची.

बाकीच्या, पटापट

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे "धोका तिप्पट" नाही. ती बंदरापुरती सावधगिरीची खूण. मोठा धोका आठ, नऊ, दहा. अकरा म्हणजे संपर्कच तुटला.

आभाळ निरभ्र आहे म्हणून इशाऱ्याला हसू नका. मे २०२४ मध्ये इन्कॉइसने ज्या फुगवट्याच्या लाटांबद्दल सांगितलं होतं (केरळात कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र) त्या हजारो किलोमीटर दक्षिणेकडून आलेल्या, इथे ढगाचा पत्ता नाही. ६ मेला कन्याकुमारीजवळ मेडिकलची पाच मुलं त्यात गेली.

वादळ दुसरीकडे चाललंय म्हणून समुद्रावर जाऊ नका. जून २०२३ ला बिपरजॉय कच्छकडे निघालेलं आणि जुहूला चार मुलं बुडाली.

"मागच्या वेळी वळलं, याही वेळी वळेल." हो, २०१९ चं वायू गुजरातजवळ येऊन वळलं. वळेपर्यंत रिकामी केलेली गावं मूर्ख ठरत नाहीत. हा वाद मी आता घालत नाही, होड्या ओढायला जातो.

वारा एकदम पडला, ऊन आलं, म्हणजे संपलं असं नाही. कदाचित डोळा वर आलाय. अर्ध्या तासाने वारा उलट्या बाजूने येईल आणि पत्रे बघायला छपरावर चढलेले तुम्ही तिथेच असाल.

फॉरवर्ड आला की बुलेटिनची तारीख-वेळ बघा. वेळच नसेल तर डिलीट.

आणि रिपोर्टर पोरांनो, पाण्यात उभं राहून लाइव्ह देऊ नका. १७ मे २०२१, तौक्ते वादळाच्या दिवशी, मला फोन आला की गुडघाभर पाण्यात जा, फील येत नाहीये. अक्षय तृतीया होऊन तीन दिवस झालेले, अमावास्येची मोठी भरती ओसरत होती, त्या दिवशीची काही फार मोठी नव्हती, तरी तिकडे मुंबईत कुलाब्याला वारा ताशी ११४ किलोमीटरवर गेला आणि गेटवेवर पाणी कठड्यावरून आत. मी शाळेच्या गच्चीवरून शूट केलं, आडोशाला, कोरड्या पायाने. ते लागलं नाही. गेटवेचं लागलं, दिवसभर.