मराठवाड्यात राहून युरोपच्या इतिहासात पीएचडी करायचीय?

एमए हिस्ट्री झालेली बरीच पोरं विचारायलीत की युरोपवर पीएचडी आपल्याकडून होईल का. होईल, पण विषयाच्या आधी भाषा ठरवा. नाहीतर 'हिटलरचा उदय : एक चिकित्सक अभ्यास' असलं टायटल घेऊन इंग्रजी पुस्तकातलंच मराठीत उतरवत बसताल अन् व्हायवात बाहेरचे सर म्हणले 'मूळ कागद कोणते बघितले?' की बोलती बंद.

फ्रेंचला आलियाँस फ्रान्सेज, जर्मनला मॅक्स म्यूलर भवन, दोन्ही पुण्यात आहेत आणि ऑनलाइन पण शिकवतात. निदान बी१ (भाषेची मधली पातळी) करा. जर्मनवाल्यांनो, जुने पेपर फ्राक्टुर या जुन्या वळणाच्या टायपात छापलेले असायचे, त्यात एस आणि एफ जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळं रोज अर्धं पान वाचायची सवय आत्तापासूनच लावा.

विषय आपल्या दारातूनही निघतो बरं का. 1751 ला फ्रेंच सेनापती बुसी निजाम सलाबतजंगासोबत औरंगाबादला आला, फौजेच्या खर्चासाठी 1753 मध्ये फ्रेंचांना उत्तर सरकारचे (आंध्र किनाऱ्याकडचे) जिल्हे मिळाले, आणि तरी पुढच्याच वर्षी पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्लेला परत बोलावलं. का? पॅरिसमधल्या फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांना दख्खनचा हा कारभार कसा दिसत होता? हा प्रश्न पक्का युरोपचा. छापील साधनं गॅलिका या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट मिळतात, सुरुवात तिथूनच करा, फ्रान्सच्या तिकिटाचं नंतर बघू. फक्त आपल्याकडं 'आधुनिक युरोप' म्हणलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात 1789 ची फ्रेंच राज्यक्रांतीच येते अन् हा विषय त्याच्या आधीचा, तेव्हा गाईडशी हे आधीच बोलून घ्या.

आता गाईड. संभाजीनगर काय, नांदेड काय, मराठे, निजाम, मुक्तिसंग्राम यावरचे गाईड सापडतील, युरोपवाले शोधावे लागतात. त्यात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानं प्रोफेसरकडं 8, असोसिएटकडं 6, असिस्टंटकडं 4 च जागा, म्हणून पेटचा (पीएचडी प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरायच्या आधी जागा रिकामी आहे का ते विचारा. 2024 पासून यूजीसीच्या नेट परीक्षेच्या स्कोअरवर पण अ‍ॅडमिशन होतं. नेटमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) निघाली तर महिन्याला 37,000, मग भाषेच्या फीची चिंता मिटली. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं, मुदत 3 ते 6 वर्षं, आणि भाषा शून्यापासून शिकणार असाल तर 3 विसराच.

जर्मनीला जायचं असेल तर बहुतेक वेळा आधी तिथला प्रोफेसर 'हो' म्हणायला लागतो. दोन पानी प्रपोजल जोडून मेल टाका, त्यात त्यांचं काय वाचलंय ते लिहा, 'रिस्पेक्टेड सर' म्हणून पन्नास जणांना एकच मेल फॉरवर्ड करू नका.