उघड्यावरची गाडी : कव्हर कधी घालावे, कधी टाळावे

गाडी उघड्यावर लावावी लागते, म्हणून बहुतेक जण नव्या गाडीबरोबरच कव्हर विकत घेतात आणि रोज रात्री निष्ठेने घालतात. रंगाची सर्वाधिक हानी नेमकी या रोजच्या घालण्या-काढण्यामुळे होते, हे मात्र फार उशिरा ध्यानात येते.

मोटारीच्या रंगावर सर्वांत वरती क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी असते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर ओढले, किंवा घातलेले कव्हर वाऱ्याने हलत राहिले, की कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडलेले हे कण पॉलिश पेपरसारखे काम करतात.

पुण्यात आमच्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू होते, तेव्हा मी काळ्या गाडीवर दोन महिने रोज संध्याकाळी कव्हर घालत असे आणि सकाळी काढत असे. गाडी मात्र आठवड्यातून एकदाच धुतली जाई. एका रात्री मोबाइलच्या टॉर्चने बॉनेट पाहिले, तर उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा दिसल्या, आणि कव्हर जिथे ताणले जाते त्या बॉनेटच्या कडेवरची व आरशांच्या पाठीवरची चमक पार गेली होती. रबिंग-पॉलिश करून रेघा जातात खऱ्या, पण त्यात क्लिअर कोटच थोडा थोडा घासून काढला जातो, त्यामुळे हा उपाय पुन्हा पुन्हा करता येत नाही.

म्हणून गाडी रोज वापरात असेल, तर कव्हर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी आठवड्याला भरपूर पाण्याने आणि कार शॅम्पूने धुणे, दोन-तीन महिन्यांनी वॅक्स लावणे आणि पक्ष्यांची विष्ठा दिसताच ओले फडके दहा मिनिटे त्यावर ठेवून ती अलगद उचलणे, एवढे पुरते. (कोरड्या फडक्याने रोज धूळ झटकण्याची सवयही कव्हराइतकीच घातक आहे.)

गाडी आठ-पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक काळ एकाच जागी उभी राहणार असेल, तर मात्र कव्हर खरोखर उपयोगी पडते. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पत्र्यावर पडलेली विष्ठा किंवा झाडाचा चीक काही तासांतच क्लिअर कोटमध्ये खोल डाग पाडतो. शिवाय सततच्या उन्हाने रंग फिका पडतो आणि हेडलाइटच्या काचा पिवळ्या होतात. हे सर्व कव्हरामुळे टळते, पण कापड योग्य हवे. पूर्ण प्लास्टिकचे कव्हर पाणी आत येऊ देत नाही, तसेच आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. चंदेरी लेपाच्या स्वस्त कव्हराचा लेप उन्हाने सुटून रंगाला चिकटतो. अनेक पदरी, हवा खेळती ठेवणारे आणि आतून मऊ अस्तर असलेले कव्हर घ्यावे. पारख घरीच करता येते : पेल्यात गरम पाणी घेऊन त्यावर कापड ठेवावे आणि वर काचेचा कोरडा पेला उपडा घालावा. काही मिनिटांत वरच्या पेल्यावर वाफ धरली, तर कापडातून ओल बाहेर पडते असे समजावे. माप आपल्याच मॉडेलचे असावे आणि पोटाखालून बांधायचे पट्टे असावेत, कारण सैल कव्हर वाऱ्यात फडफडते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, अधिक जपावे लागते. भिजलेले कव्हर दिवसेंदिवस तसेच राहिले, तर रंगावर पाण्याचे डाग उमटतात, कधी बारीक फोडही येतात, आणि आधीच टवके उडालेल्या जागी गंज धरतो. पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड शक्य असेल, तर या चार महिन्यांत तीच बरी. ते शक्य नसेल, तर उघडीप मिळताच कव्हर काढून गाडी आणि कव्हर दोन्ही वाळवावीत.

कव्हर घालण्यापूर्वी गाडी धुवावी, दारांच्या फटींतले आणि आरशांखालचे पाणीही टिपून घ्यावे आणि इंजिन व सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावेत. हे काम दोघांनी करावे. कव्हराची गुंडाळी टपावर ठेवून दोन्ही बाजूंना उलगडत न्यावी, पत्र्यावरून फरफटत ओढू नये. काढताना आधी दोन्ही बाजू टपावर दुमडाव्यात, मग पुढून मागे गुंडाळावे. असे केल्याने बाहेरची धुळकट बाजू आतल्या अस्तराला लागत नाही. काढलेले कव्हर जमिनीवर टाकू नये, आणि महिन्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे.

डेंटिंग-पेंटिंग नुकतेच झाले असेल, तर निदान महिनाभर कव्हर घालू नये, कारण ताज्या रंगातील द्रावक उडून जायला मोकळी हवा लागते. कव्हराखाली उभ्या गाडीत उंदरांना आयताच आडोसा मिळतो, तेव्हा आठवड्यातून एकदा कव्हर काढून, बॉनेट उघडून वायरी नीट पाहाव्यात.