जुन्या बाईकचा पुढचा शॉकअप मऊ पडलाय? जाड ऑईल टाकायच्या आधी हे करून बघा

ब्रेक दाबला की गाडी नाकावर आपटल्यासारखी खाली जाते, स्पीडब्रेकरवर पुढून खट् असा आवाज येतो, घाटात वळणावर पुढचं चाक तरंगल्यासारखं वाटतं. पंधरा-वीस वर्षं झालेली स्प्लेंडर असो, आरएक्स १०० असो नाहीतर पहिल्या पिढीतली पल्सर असो, ही तक्रार सगळीकडे सारखीच. आणि गॅरेजमध्ये गेलं की उत्तरही बहुतेक ठिकाणी सारखंच मिळतं, जाड ऑईल टाकून देतो, एकदम टाईट होईल. होतं टाईट, पण चुकीच्या जागी.

आधी एवढं समजून घ्या, कारण पुढचं सगळं काम यावरच आहे. शॉकअपमध्ये गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. ऑईल वजन पेलत नाही, ते फक्त हालचालीचा वेग आवरतं, म्हणजे स्प्रिंग किती पटकन दबेल आणि किती पटकन परत येईल ते ठरवतं. ब्रेक दाबून धरलात तर जाड ऑईल असलेला शॉकअप जरा हळू बसेल, पण बसेल तेवढाच. आणि खराब रस्त्यावर एकामागून एक खड्डे आले की जाड ऑईलमुळे तो परत वर यायला वेळ लावतो, पुढचा खड्डा येईपर्यंत अर्धा दबलेलाच असतो, मग आणखी दबतो, शेवटी तळाला टेकतो. म्हणजे मनगटाला हिसके बसतात ते वेगळेच आणि मूळ तक्रार तशीच. म्हणून माझा क्रम असा: आधी दुसरं काही बिघडलेलं नाही ना ते बघा, मग ताजं आणि बरोबर ग्रेडचं (म्हणजे जाडीचं) ऑईल, मग स्प्रिंगचा प्रीलोड (म्हणजे ती बसवतानाच आधी किती दाबून ठेवायची ते), मग ऑईलची लेव्हल, आणि एवढं करून गरज उरली तरच ऑईलचा ग्रेड किंवा नवीन स्प्रिंग. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमका फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

आधी तपासणी

पुढच्या टायरची हवा बघा, थंड टायरमध्ये, कंपनीने सांगितली तेवढी. हवा कमी असली की गाडी पुढून लिबलिबीत वाटते आणि माणूस शॉकअपला दोष देत बसतो. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा, हँडलच्या मुळाशी टक-टक जाणवलं तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल आहे किंवा खराब झालाय. चाक वर उचलून हँडल हळूहळू फिरवा, मध्यावर अडकल्यासारखं होत असेल तर बॉल रेसला खड्डे पडलेत. हे आधी करून घ्या, शॉकअप कितीही चांगला केला तरी कोन सेट खराब असेल तर गाडी सरळ चालणार नाही.

आता शॉकअपचे पाईप पुसा आणि गाडी चार-पाच वेळा जोरात दाबा. पाईपवर तेलाचं कडं उमटलं तर ऑईल सील गेलंय. पाईपवरून नख फिरवा, कुठे खरखर लागली तर क्रोमला खड्डे पडलेत. कोकणात, समुद्राजवळच्या गावांत आणि एकूणच पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे फार होतं. बारीक डाग असेल तर १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवता येतो, पण सील जिथे घासतं त्या पट्ट्यात खोल खड्डा असेल तर नवीन सील टाकून उपयोग नाही, महिन्याभरात तेही फाटेल, पाईपच बदला. आणि सील गळत असेल तर ते काम लांबवू नका, ते तेल खाली ब्रेक डिस्कवर किंवा ड्रमकडे उतरतं.

सॅग मोजा

हे कोणी करत नाही आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सॅग म्हणजे तुम्ही बसल्यावर शॉकअप किती दबतो ते. पुढचं चाक हवेत राहील अशी गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडाची फळी ठेवून जॅक लावा. शॉकअप पूर्ण लांब झाला की पाईपचा उघडा भाग मोजा, म्हणजे बॉटमच्या (खालच्या जाड नळीच्या) तोंडावरच्या डस्ट सीलपासून खालच्या टी पर्यंत. टी म्हणजे दोन्ही पाईप आवळून धरणारी आडवी पट्टी, एक वर आणि एक खाली असते. मग गाडी जमिनीवर घ्या, नेहमी जसं बसता तसं बसा, दोन्ही पाय वर, कोणीतरी मागून गाडी धरेल आणि कोणीतरी तेच अंतर पुन्हा मोजेल. सील आणि बुशच्या घर्षणामुळे माप थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे एकदा गाडी दाबून हळू वर येऊ द्या आणि मोजा, एकदा पुढून उचलून हळू खाली येऊ द्या आणि मोजा, दोन्हीची सरासरी धरा.

पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की सॅग मिळाला. तो शॉकअपच्या एकूण चालीच्या (पूर्ण लांब असल्यापासून पूर्ण दबेपर्यंतच्या अंतराच्या) पाव ते एक तृतीयांश असावा. आपल्या कम्यूटर गाड्यांची पुढची चाल साधारण १०० ते १३० मिमीच्या आसपास असते, म्हणजे ३० ते ४० मिमी सॅग ठीक. ५० च्या पुढे गेला असेल तर तुमचा त्रास स्प्रिंगचा आहे, ऑईलचा नाही. आणि सॅग बरोबर असून गाडी दाबून सोडल्यावर दोन-तीन वेळा वरखाली झुलत असेल तर ऑईल पातळ झालंय नाहीतर कमी झालंय. आकडा वहीत लिहून ठेवा.

उघडायचं कसं

लागणारं सामान: रिंग पाने आणि सॉकेट सेट, एलन की, जॅक, स्केल, मोजपात्र, रॉकेल, टॉर्च, वरच्या कॅपचे नवीन ओ-रिंग. सील बदलायचं असेल तर सील आणि डस्ट सील दोन्ही बाजूंचे एकदमच घ्या. सीलसाठी आतला डॅम्पर रॉड सोडवावा लागतो, तळाचा एलन बोल्ट काढून, आणि तो बऱ्याचदा आतल्या रॉडसकट गोल फिरत राहतो, त्यामुळे न्यूमॅटिक गन असलेल्या गॅरेजमधून तेवढा भाग करून घेतलात तरी चालेल. त्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवीनच टाका. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये पाईपचं वरचं टोक हेडलाईटच्या कास्केटमध्ये जातं, तिथली खोलाखोल वेगळी आहे, हा लेख साध्या दोन टी वाल्या शॉकअपसाठी धरा.

वरची कॅप शॉकअप गाडीवर घट्ट बसलेला असतानाच सैल करायची, बाहेर काढल्यावर ती सुटता सुटत नाही. पण त्याआधी वरच्या टी चा आवळणारा बोल्ट सैल करा, नाहीतर कॅपचे आटे टी मध्ये दाबलेले राहतात आणि खराब होतात. कॅप फक्त अर्धा फेरा सैल करा. हँडल आडवं येत असेल तर त्याचे क्लॅम्प सोडा आणि टाकीवर जाड गोधडी टाकून त्यावर टेकवा.

मग चाक, ब्रेक आणि मडगार्ड काढा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या पाईपवर लटकू देऊ नका, आणि चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हर चुकूनही दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. दोन्ही टी चे बोल्ट सैल करून पाईप फिरवत फिरवत खाली ओढा.

आता कॅप पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा. खाली दाबलेली स्प्रिंग आहे, शेवटच्या आट्याला कॅप उडते आणि डोळ्याला लागू शकते. तळहाताने वरून दाब देत देत फिरवा, चष्मा घाला. काही गाड्यांत वरती फक्त रबराचं टोपण असतं, त्याखाली प्लग आणि त्याला अडवणारी तारेची सर्क्लिप असते, तिथे प्लग खाली दाबून धरायला दुसरा माणूस लागतोच. स्प्रिंग बाहेर काढताना तिचं कुठलं टोक वर होतं ते लक्षात ठेवा, फोटोच काढा, कारण बऱ्याच स्प्रिंगचे वेटोळे एका टोकाला जवळजवळ असतात आणि ती परत तशीच बसली पाहिजे.

तेल ओता. करड्या रंगाचं, माशासारखा वास येणारं पाणचट तेल निघेल, दुधट असेल तर पाणी गेलंय. शॉकअप उलटा धरून पंप करत राहा म्हणजे सगळं निघतं. थोडं रॉकेल घालून हलवा, ओता, असं दोनदा, मग उलटा टेकवून रात्रभर निथळू द्या. काहींच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो, तिथून शॉकअप न काढताही तेल निघतं पण तळाचा गाळ मात्र तिथेच राहतो, म्हणून जुन्या गाडीत पहिल्यांदा तरी बाहेर काढूनच साफ करा. निघालेलं तेल गटारात ओतू नका, डबा भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडचं जळकं ऑईल नेणारे लोक येतात.

स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा, दोन्ही सारख्या हव्यात, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपेक्षा आखूड झाल्या असतील तर नवीन जोडी घ्या, प्रीलोडने ते झाकू नका.

ऑईल

मॅन्युअलमधला ग्रेड आणि माप, तेवढंच. इंजिन ऑईल टाकू नका, ते २० डब्ल्यू ४० वालं सर्रास टाकलं जातं आणि नेहमीच्या तापमानाला ते १० डब्ल्यू फोर्क ऑईलपेक्षा (शॉकअपच्या खास ऑईलपेक्षा) कितीतरी पट घट्ट असतं, शिवाय फोर्क ऑईलमध्ये फेस होऊ न देणारे घटक असतात ते या कामासाठीच घातलेले असतात. अजून एक गोष्ट, दोन कंपन्यांचं १० डब्ल्यू सारखंच पातळ असेल असं नाही, त्यामुळे एकदा एक ब्रँड धरला की तोच ठेवा.

तेल ओतल्यावर पाईप हळूहळू आठ-दहा वेळा वरखाली करा, सगळ्या चालीत सारखा जोर लागायला लागला की आतली हवा निघाली. दहा मिनिटं उभा ठेवा. मग स्प्रिंग बाहेरच ठेवून पाईप पूर्ण खाली दाबा आणि पाईपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर स्केलने मोजा. दोन्ही बाजूंना हे अंतर मिलिमीटरवर सारखं आलं पाहिजे. मिलीलिटरमध्ये मोजून ओतण्यापेक्षा हे माप जास्त भरवशाचं, कारण आत जुनं तेल थोडं राहिलेलंच असतं.

बऱ्याच गाड्यांचं काम इथेच होतं. वर्षानुवर्षं न बदललेलं तेल गेलं आणि नवीन आलं की निम्मा मऊपणा जातो. म्हणून पहिल्यांदा एवढंच करून गाडी जोडा, आठवडाभर चालवा, सॅग पुन्हा मोजा.

प्रीलोड

सॅग अजून जास्त असेल तर स्प्रिंगच्या वर स्पेसर टाकायचा. हार्डवेअरच्या दुकानात जाड भिंतीचा पीव्हीसी पाईप मिळतो, शॉकअपच्या पाईपमध्ये मोकळा सरकेल पण हलणार नाही असा घ्या, बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून. आधीच आत स्पेसर असेल तर त्याच्यापेक्षा लांब कापा. सुरुवात १० मिमीने करा. १० मिमी प्रीलोड वाढवला की सॅग साधारण तेवढाच कमी होतो, त्यामुळे ५० चा ३८ करायचा असेल तर १२ मिमी, हिशोब एवढा सरळ आहे. दोन्ही तुकडे अगदी सारखे आणि टोकं काटकोनात, घासून सपाट. स्प्रिंग आणि पीव्हीसीच्या मध्ये स्टीलचा सपाट वॉशर टाकायलाच हवा, नाहीतर स्प्रिंग पाईप कुरतडते आणि तो भुगा तेलात जातो.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही हेही सांगतो, ती तेवढीच मऊ राहते फक्त वरच्या जागेपासून काम सुरू करते. त्यामुळे २०-२५ मिमी टाकूनही सॅग जमत नसेल तर स्प्रिंगच तुमच्या वजनाला कमी पडतेय. उगाच स्पेसर वाढवत गेलात तर शॉकअप वर येताना ठक् वाजायला लागतो, आणि पूर्ण दबताना स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकून काहीतरी वाकू शकतं. तिथे थोड्या जास्त रेटची (म्हणजे जास्त कडक) स्प्रिंग शोधा. वेटोळे कापून स्प्रिंग कडक करणारे कारागीर आहेत, तत्त्व बरोबर आहे, ४० पैकी ४ वेटोळे कमी झाले तर स्प्रिंग सुमारे ११ टक्के कडक होते, पण गॅसने तापवून कापली तर तिथलं पोलाद खराब होतं. ग्राइंडरच्या पातळ चकतीने कापून टोक सपाट करणारा माणूस असेल तरच जा.

ऑईलची लेव्हल

रोजच्या रस्त्यावर सगळं छान, फक्त मोठ्या खड्ड्यात किंवा जोरात ब्रेकला तळ गाठतोय, अशा वेळी प्रीलोडला हात लावू नका. तेलाची लेव्हल १० मिमीने वर घ्या. वरची बंद हवा कमी झाली की ती शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखी दाब देते, सुरुवातीच्या चालीत फरक जवळजवळ जाणवत नाही. फार तर २० मिमी, त्यापुढे दाब एवढा वाढतो की सील बाहेर येतं.

आणि एवढं करूनही गाडी झुलत असेल तर मग ग्रेड एका पायरीने वर, १० चं १५. त्याच ब्रँडचं १० आणि २० अर्धं-अर्धं मिसळलं तरी जवळपास तेच मिळतं.

जोडताना

कॅपला नवीन ओ-रिंग लावा, आटे बारीक असतात, आधी उलटा फिरवून टक् अशी जागा मिळाली की मग सरळ आवळा. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेक प्लेटची खाच बॉटमवरच्या उंचवट्यात नीट बसली का ते डोळ्यांनी बघा, ती सुटली तर ब्रेक दाबल्यावर अख्खी प्लेट फिरते, यात हयगय नको. एक्सल शेवटी आवळायचा: आधी सैल ठेवून पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा दाबा म्हणजे शॉकअपच्या दोन्ही बाजू एका रेषेत बसतात, मग एक्सल आणि खालचा क्लॅम्प आवळा. नाहीतर शॉकअप अडकत चालतो आणि सगळी मेहनत वाया. डिस्क असेल तर लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, त्याआधी गाडी हलवू नका.

पुढे उंची वाढली की मागचा शॉक एकदा बघा, तो मऊ असेल तर डबलसीट बसल्यावर गाडी मागे टेकलेली आणि हँडल हलकं वाटेल, तिथे प्रीलोडची एक खाच वाढवा.

पहिले दहा-पंधरा किलोमीटर ओळखीच्या रस्त्यावर, हळू. पाईपला एक बारीक केबल टाय सैलसर बांधून डस्ट सीलला टेकवून ठेवा, फिरून आल्यावर तो वर कुठपर्यंत ढकलला गेलाय ते बघा: नेहमीच्या सगळ्यात वाईट खड्ड्याला तळापासून साधारण १० मिमी अंतर उरत असेल तर जमलं. शे-दीडशे किलोमीटरनंतर टी चे, एक्सलचे आणि कॅलिपरचे बोल्ट परत एकदा पान्याने तपासा, पाईप पुसून तेलाचं कडं येतंय का बघा, आणि तारीख, ऑईलचा ब्रँड, लेव्हल आणि स्पेसरची लांबी वहीत सॅगच्या आकड्याखाली लिहून टाका.