चाळीस मीटरवरची खरखर

संध्याकाळ झाली की माझ्या हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी बिनतारी सेटवर, चाळीस मीटर लहरींच्या बँडवर नुसती खरखर. पाच वॅटच्या कमी ताकदीवर बोलणाऱ्याची यात फार पंचाईत होते. समोरचा आपल्याला कसाबसा ऐकतो, पण त्याचं उत्तर आपल्याला कळत नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याला दोष देणं सोपं, पण डोंगर काही खरखर करत नाही.

सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. आवाज गायब! म्हणजे चोर घरातच. मग एकेक एमसीबी वर केली. हॉलची केली आणि खरखर परत सुरू. जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावून हॉलभर फिरवला. टीव्हीमागे सेट टॉप बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरपाशी तो जोरात भुणभुणला. आई म्हणाली, "मालिका संपेपर्यंत त्याला हात लावू नकोस!"

मालिकेनंतर अ‍ॅडॉप्टरच्या वायरीचे सात-आठ वेढे फेराइट रिंगवर (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) घेतले. थोडाच फरक पडला. खरं काम झालं ते ट्रान्सफॉर्मरवाला, वजनदार, रेग्युलेटेड अ‍ॅडॉप्टर लावल्यावर. सेटवरच्या सिग्नल मीटरवर खरखरीचा काटा एस-७ वरून एस-२ वर उतरला. असा बदल करताना अँपिअर लेबलवर वाचा, व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी (प्लस-मायनस) मल्टीमीटरने आधी तपासा, नाहीतर बॉक्स जायचा.