'कॉन्स्पिक्युअस' वापरताना या चुका टाळा

'कॉन्स्पिक्युअस' म्हणजे प्रसिद्ध, असं पाठ केलं असेल तर आधी ते पुसा. चटकन नजरेत भरणारं, लपवू म्हटलं तरी न लपणारं ते कॉन्स्पिक्युअस. मग तो पांढऱ्या शर्टावरचा आमटीचा डाग का असेना. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स घराच्या बाहेरच्या दारावर किंवा दुसऱ्या एखाद्या 'कॉन्स्पिक्युअस' भागावर चिकटवायची तरतूद आहे. सरकारी मराठीतला 'दर्शनी भाग' तो हाच.

हा शब्द कौतुकाचा की टीकेचा, हे आधीच ठरवून टाकू नका. परमवीर चक्राच्या निकषात शौर्याला हेच विशेषण आहे. आणि अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेनने 1899 मध्ये श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चाला 'कॉन्स्पिक्युअस कन्झम्प्शन' म्हटलं, ते काही कौतुकानं नव्हे.

स्पेलिंगमध्ये 'सी'नंतर 'यू-ओ-यू-एस' येतं. 'डिलिशियस'च्या वळणावर तिथे 'आय' घुसवला जातो, तो काढा.

व्युत्पत्तीत तर भल्याभल्यांची गल्लत होते. लॅटिनमध्ये 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं. इन्स्पेक्टर, सस्पेक्ट, स्पेक्टॅकल ही सगळी त्याच घरची मंडळी. 'कॉन्स्पिरसी' मात्र तिथली नाही. तिचं मूळ श्वास घेण्याच्या क्रियापदात. संस्कृतातलं 'पश्यति' आणि आपलं रोजचं 'स्पष्ट' हे 'कॉन्स्पिक्युअस'चे लांबचे भाऊबंद. पण म्हणून लॅटिननं तो संस्कृतातून उचलला, असं ठोकून देऊ नका. दोघांचं मूळ त्याहून जुन्या इंडो-युरोपीय भाषेत आहे.

सगळ्यात जास्त वाट लागते ती एका वाक्प्रचाराची, 'कॉन्स्पिक्युअस बाय अ‍ॅबसेन्स'ची. त्याचं मूळ असं: इ. स. 22 मध्ये रोममध्ये जुनिया वारली. ती ब्रूटसची बहीण, कॅसियसची बायको. अंत्ययात्रेत वीस थोर घराण्यांच्या पूर्वजांच्या प्रतिमा होत्या, पण सीझरच्या या दोन मारेकऱ्यांच्या नव्हत्या. आणि नव्हत्या म्हणूनच ते दोघे सगळ्यांपेक्षा ठळक झाले, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. त्याचं क्रियापद वेगळं होतं, 'झळकत होते' अशा अर्थाचं. इंग्रजीत हा प्रयोग रुळवला 1859 मध्ये ब्रिटिश राजकारणी लॉर्ड जॉन रसेलने. म्हणजे ज्याचं असणं गृहीत धरलं होतं, त्याचंच नसणं खुपलं पाहिजे. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरीचा मामाच दिसेना, तर हा वाक्प्रचार शोभतो. रजा टाकून गावी गेलेल्या सहकाऱ्यासाठी साधं 'अ‍ॅबसेंट' पुरे.