पावसाआधी व्हीसॅटची पर्यायी वाट : परतीचा रूट विसरू नका

पावसात व्हीसॅटची (छोट्या डिशवरून चालणारी उपग्रह लिंक) पहिली वाट पडली की राउटरने आपोआप दुसऱ्या लिंकवर जावं, ही तयारी मे अखेरपर्यंत उरकून घ्या. आयपी, पासवर्ड, हबचा (उपग्रहापलीकडच्या मुख्य केंद्राचा) फोन नंबर लिहून ठेवलेले असतीलच, पुढे चला.

सगळ्यात आधी परतीचा रूट, म्हणजे हबकडून साइटकडे उत्तर येण्याची वाट. साइटच्या राउटरने वाट बदलली, पॅकेट दुसऱ्या लिंकने हबला पोचलं. पण हबच्या राउटरमध्ये साइटच्या सबनेटचा (पत्त्यांच्या गटाचा) स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) अजून बंद पडलेल्या व्हीसॅटकडेच असेल, तर उत्तर तिथेच मरतं. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. फोनवरच्या "आहे हो सगळं" या उत्तरावर थांबू नका. पहिली लिंक बंद असताना हबकडून साइटच्या लॅनमधल्या पत्त्यावर ट्रेसरूट (पॅकेट कुठल्या वाटेने जातं ते दाखवणारी चाचणी) करून घ्या.

उपग्रहाचा दुवा गेला तरी मॉडेम आणि राउटरमधला पोर्ट चालूच असतो, हिरवा दिवा लुकलुकत राहतो आणि राउटरला काही कळत नाही. म्हणून हबपलीकडच्या पत्त्यावर पिंग (उत्तर येतं का ते पाहणारी छोटी चाचणी) लावा, मॉडेमच्या नाही. ते पिंग पहिल्या लिंकलाच बांधून ठेवा. नाहीतर वाट बदलल्यावर ते दुसऱ्या लिंकने यशस्वी होतं, राउटर परत फिरतो आणि ही उलटापालट थांबत नाही. भूस्थिर उपग्रहावरून जाऊन-येऊन 500 ते 600 मिलिसेकंद लागतात, पावसात जास्तही. टाइमआउट 2 सेकंद ठेवा, सलग 5 चुकल्यावरच वाट बदला.

लिंक मरण्याआधी आकसते, हेही धरा. पावसात मॉडेम 8पीएसके 3/4 वरून क्यूपीएसके 1/2 वर (वेगवान सिग्नलपद्धतीवरून सावकाश पण दणकट पद्धतीवर) उतरला की वेग निम्म्याहून कमी होतो, पण पिंग चालूच राहतं. एसएनआरची (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे त्याची) मर्यादाही लावा.

पर्याय त्याच छतावरचा दुसरा केयू बँड (पावसात लवकर अडणारी फ्रिक्वेन्सी) अँटेना असेल तर ढग एकच, उपयोग नाही. सी बँड (पावसाला कमी दबणारी फ्रिक्वेन्सी) किंवा जमिनीवरची लिंक हवी. आणि हो, त्या पर्यायाचाही परतीचा रूट हबवर हवाच. उत्तर भलत्या वाटेने आलं तर फायरवॉल ते टाकून देते.

लॅन केबल उपटून केलेली चाचणी धरू नका, त्याने पोर्टच पडतो. मॉडेममधून ट्रान्समिट बंद करा, मग दोन्ही टोकांकडून ट्रेसरूट. दोन्ही टोकांकडून.

पर्यायी लिंकवर व्हॉइसला प्राधान्य, अपडेट बंद. मूळ लिंकवर परतण्याआधी 10 मिनिटं स्थिर सिग्नल हवा. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात सन आउटेजचे (सूर्य उपग्रहाच्या मागे आल्याने सिग्नल बुडण्याचे) दिवस येतात, त्यांच्या वेळा हबकडून मागवा. त्याच फोनवर परतीचा रूट पुन्हा तपासायला सांगा.