शिगमा, दिंडी, घुमट आरती: गोव्यातल्या उत्सवांचे फोटो कसे काढावेत

पणजीत किंवा पणजीच्या आसपास राहणाऱ्या हौशी फोटोग्राफरला विषय शोधत हिंडावे लागत नाही. नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त, त्याच महिन्यात सेरेंडिपिटी कला महोत्सव, पुढे कार्निव्हल, होळीच्या सुमाराचा शिगमा, 24 जूनला सांजाव म्हणजे सेंट जॉनचा सण, श्रावणात वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह, मग चतुर्थी आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुर. पण सगळीकडे धावायचे आणि कुठेच पुरते थांबायचे नाही असे झाले, की वर्षाअखेरीस हातात नुसत्या गर्दीचे फोटो उरतात. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, हे प्रश्न नंतरचे. आता पुढे काय घडणार आहे हे ज्याला आधी कळते, त्याला फोटो मिळतो. हा लेख बराचसा त्याबद्दल आहे.

आधी एक उत्सव निवडा

वर्षाला दोन-तीनच प्रसंग ठरवा आणि ते एकमेकांहून वेगळे असू द्या. एक रस्त्यावरचा, म्हणजे शिगमा. एक गाण्याचा, म्हणजे मडगावची दिंडी किंवा कला अकादमीतली मैफल. एक घरातला, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने होणारी चतुर्थीची आरती. तिन्ही ठिकाणी प्रकाश वेगळा आणि माणसांची लगबग वेगळी, त्यामुळे हातही तयार होतो.

निवडलेल्या उत्सवाची माहिती माणसांकडून घ्या. गावातला शिगमा मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवर होतो. तिथे देवाला नमन आधी, खेळ नंतर, आणि कोणी कुठे उभे राहायचे याच्या रीती ठरलेल्या असतात. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा अशा शहरांतली शिगमोत्सवाची मिरवणूक ही निराळी गोष्ट: तिथे रोमटामेळ (ढोल-ताशे वाजवत नाचत जाणारी पथके), लोकनृत्यांची पथके आणि चित्ररथ यांच्या स्पर्धा असतात, परीक्षक असतात. पहिल्या वर्षी शहरातलीच मिरवणूक घ्या. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, व्रत पाळून अग्निदिव्य करतात, म्हणजे निखाऱ्यांवरून चालतात. तिथली गर्दी आणि तिथले गांभीर्य पाहता नवख्याने सुरुवात तिथून करू नये, असे मला ठामपणे वाटते.

तारखा तिथीप्रमाणे बदलतात, मिरवणुकीचा मार्ग वर्षागणिक बदलू शकतो. दोन दिवस आधीचे स्थानिक वर्तमानपत्र पाहा. वाहतूक कुठून वळवणार ही बातमी छापून आलेली असते, आणि त्यावरून मार्ग नेमका कळतो.

आदल्या दिवशी जागा बघून या

संध्याकाळी त्याच वेळेला रस्त्यावरून एक फेरी मारा. पाहायचे ते एवढेच: दिवे कुठे आहेत, रस्ता कुठे रुंद होतो, वळण कुठे आहे. वळणावर पथक संथ होते, फाकते, आणि समोरून येणारी पूर्ण रांग एका फ्रेममध्ये बसते. परीक्षकांच्या मंचासमोर पथके सगळ्यात जोरात नाचतात खरी, पण तिथे पुढे उभे राहायला जागा मिळेलच असे नाही. मंचाच्या थोडे अलीकडची जागा धरा. तिथे नर्तक स्वतःला सावरून सज्ज होत असतात आणि चेहऱ्यांवर काहीतरी उमटत असते.

शिगम्याच्या दिवसांत, मार्चच्या मध्याला, पणजीत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे आकाश निळे असते आणि रस्त्यावरचे दिवे पिवळे. चित्ररथांचे फोटो तेव्हाच चांगले येतात. एकदा काळोख पडला की मागे नुसता अंधार दिसतो. मिरवणूक वेळेवर निघाली नाही तर? तर तो प्रकाश मेळ जिथे जमतात तिथे वापरा, कारण लोक तिथे कधीचेच येऊन थांबलेले असतात.

पिशवी हलकी ठेवा

एक कॅमेरा, एक लेन्स, दोन बॅटऱ्या, दोन कार्डे, पुसायचे सुती कापड, प्लॅस्टिकची मोठी पिशवी आणि पाणी. लेन्स 35 किंवा 50 एमएमची, 1.8 अपर्चरची, म्हणजे उजेड आत घ्यायला तोंड मोठे उघडणारी, असली तर उत्तम. ती स्वस्त असते आणि अंधुक उजेडात साथ देते. नुसता मोबाइल असेल तरी निघा, फक्त झूम न वापरता दोन पावले पुढे जा. ट्रायपॉड घरी ठेवा, मिरवणुकीत तो लोकांच्या पायात येतो. ढोलांच्या अगदी जवळ तासन्तास उभे राहणार असाल तर कानात कापूस हवाच.

मेळ जमतात तिथे लवकर पोचा

माझ्या मते शिगम्यातले सर्वांत चांगले फोटो मिरवणूक सुरू होण्याआधी मिळतात. कोणी फेटा बांधून घेत असतो, कोणी ढोलाच्या दोऱ्या आवळत असतो, कोणी कागद पेटवून ताशाचे चामडे शेकत असतो. त्या क्षणी ज्वाळेचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो आणि वाजवणारा कान लावून टिपरीने एक-दोन ठोके मारून पाहतो. कॅमेरा तयार ठेवायचा तो त्या ठोक्यांसाठी.

पण आधी बोला. "खंयच्या गावचो मेळ?" असे विचारले की गप्पा सुरू होतात. गावाचे नाव, पथकाचे नाव, प्रमुखाचा फोन लिहून घ्या. लहान मुले नटून आलेली असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो नको.

शटर आधी ठरवा, बाकी नंतर

नाचाचा फोटो शटरवर, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो त्यावर, उभा असतो. हालचाल थांबवायची तर शटर 1/250 किंवा त्याहून वेगवान, अपर्चर 1.8 ते 2.8, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) 3200 किंवा लागेल तेवढा. फोटोत थोडे दाणे आले तर चालतात, हललेला चेहरा चालत नाही. कॅमेऱ्यात सोय असेल तर रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा. पिवळे, निळे, गुलाबी दिवे मिसळले की रंग नंतर सुधारावे लागतात, आणि रॉमध्ये ते सुधारता येतात.

एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. चित्ररथावरच्या स्वस्त एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर 1/100 किंवा 1/50 वर आणले की पट्टे बहुधा जातात. इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते बंद करून मेकॅनिकल घ्या.

आता घोडेमोडणी. हा नाच डिचोली, सत्तरी, पेडणे भागातला. नर्तकाच्या कमरेला लाकडी घोड्याचे तोंड बांधलेले, खाली घोळदार कापड, डोक्याला फेटा, गळ्यात फुलांच्या माळा, पायांत घुंगरू आणि उजव्या हातात उगारलेली तलवार. ढोल-ताशाच्या ठेक्यावर रांग पुढे येते, मागे जाते, वळते. पहिली दोन आवर्तने कॅमेरा डोळ्याला न लावता नुसती बघा. तलवार कुठल्या ठोक्याला वर जाते ते कळेल. तिसऱ्या आवर्तनाला ठोक्याच्या किंचित आधी बटण दाबा. बसून, घोड्याच्या तोंडाच्या उंचीवरून काढले तर घोडा पुढे झेपावल्यासारखा दिसतो आणि मागची गर्दी फ्रेमच्या खाली जाते. हालचाल दाखवायची असेल तर शटर 1/30 वर आणा आणि नर्तकाबरोबर कॅमेरा फिरवा. दहातला एखादाच फोटो जमेल, पण त्यात चेहरा ठसठशीत आणि कापडाचा घोळ वाऱ्यासारखा येतो.

फ्लॅश नको. समोरून डोळ्यांवर झोत आला की नाचणाऱ्याचा ठेका चुकतो.

गाण्याच्या ठिकाणी

कार्तिकात मडगावच्या हरिमंदिराची दिंडी निघते आणि वाटेत गायकांच्या बैठका होतात. रस्त्यावर बसून शास्त्रीय गाणे ऐकणारी माणसे हा दिंडीचा खरा विषय, गायक नव्हे. त्यांच्याकडे पाठ करून बसू नका.

पणजीत कांपालला, मांडवीकाठी, चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या कला अकादमीत मराठी नाटके आणि मैफली होतात. सूरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाचा संगीत समारोहही गोव्यात होतो. अशा ठिकाणी आयोजकांची परवानगी आधी घ्या. कॅमेरा सायलेंट मोडवर, फोकस साहाय्याचा लाल दिवा बंद, मागचा स्क्रीन बंद. आलाप चालू असताना जागा सोडायची नाही, दोन रागांच्या मध्ये सोडायची.

मंचावरचा झोत आणि मागचा अंधार यांमुळे कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढराफटक करतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उणे एकवर ठेवा. शटर 1/125 पुरते. क्षण कोणता निवडायचा? सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. तीनतालाच्या सोळा मात्रा मनात मोजत राहिलात तर गायक समेवर कधी येणार हे आधीच कळते. त्या क्षणी गायकाचा हात खाली येतो, तबलजीची नजर त्याच्याकडे जाते आणि श्रोत्यांच्या माना एकदम हलतात. तान चालू असतानाचे वेडेवाकडे तोंड टिपून कलाकाराची शोभा करू नये.

घुमटाचेही तसेच. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. हे मातीचे वाद्य: एका तोंडावर चामडे, दुसरे लहान तोंड उघडे. उजवा हात चामड्यावर पडतो, डावा तळवा लहान तोंड झाकत-उघडत आवाज घडवतो. समोरून काढले तर डावा हात दिसतच नाही. म्हणून वाजवणाऱ्याच्या डाव्या बाजूला, जरा मागे, जमिनीवर बसा. चतुर्थीच्या घरात समईचा आणि माटोळीखालच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीखालच्या) दिव्यांचा उजेड पुरेसा असतो. यजमानांना घरातले मोठे दिवे लावायला सांगू नका. आरतीचा पहिला भाग कॅमेरा खाली ठेवून हात जोडावेत, हेही मला आवश्यक वाटते.

फोंतेन्हासबद्दल थोडेसे

फोंतेन्हास ही पणजीतली जुनी वस्ती. रंगीत घरे, चिंचोळ्या गल्ल्या, सॅन सेबॅस्टियनचे चॅपेल: कॅमेरा घेतलेला प्रत्येकजण इथे येतोच. या भागात कुटुंबे राहतात आणि खिडकीखालच्या फोटोसत्रांनी ती त्रासली आहेत. सकाळी सातच्या आत जा, दोघांपेक्षा जास्त जण नकोत, कोणाच्या पायरीवर बसू नका, दारावर "फोटो नको" अशी पाटी असेल तर पुढे चला. भिंतींपेक्षा पाववाल्याची सायकल आणि तिचा पों-पों भोंगा जास्त गोवा सांगतो. पाववाल्याला विचारा, तो बहुधा हो म्हणतो.

घरी आल्यावर

वातानुकूलित सभागृहातून दमट हवेत आलात की लेन्सवर लगेच बाष्प धरते. कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे पिशवीतच राहू द्या. पावसाळ्यात तर लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत राहील असे बघा, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून सुकवा. चामड्याच्या बंद केसमध्ये महिनोन् महिने कॅमेरा ठेवणे सगळ्यात वाईट.

फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा. निवड दुसऱ्या दिवशी करा, ताज्या उत्साहात सगळेच बरे वाटतात. एका मिरवणुकीतून पंधरा फोटो पुरेत: पाच तयारीचे, पाच नाचाचे, बाकीचे बघणाऱ्यांचे. फाइलच्या नावात गाव, पथक आणि तिथी घाला. पुढच्या शिगम्यापूर्वी त्यातले चांगले फोटो छापून त्या पथकाच्या गावी नेऊन द्या. एरवी ज्याला कोणी ओळखत नाही, त्या ताशेवाल्याच्या हातात त्याचा स्वतःचा फोटो पडला की पुढच्या वर्षी तो तुम्हाला मेळाच्या आत उभे करतो, आणि तिथून जे दिसते ते रस्त्याच्या कडेने कधीच दिसत नाही.